आवक नंबर आणि वरचं घर

केस रिव्ह्यूचा, म्हणजे वरच्या घराच्या त्रासाबद्दलच्या आमच्या तक्रारींचं काय केलं ते तपासा असा, पहिला अर्ज फेटाळल्याची ईमेल आली तेव्हा मी हॉस्पिटलच्या फार्मसीत गोळ्यांच्या पट्ट्या मोजत होते. तुमच्या प्रकरणात सहा महिन्यांत तीन पात्र तक्रारी आढळत नाहीत, असं त्यात होतं. पात्र! सप्टेंबरपासून मी तक्रारींशिवाय दुसरं काही केलंच नव्हतं, असं निदान माझं मत होतं. संध्याकाळी घरी येऊन सांगलीला अण्णांना फोन लावला. तिकडे अकरा वाजून गेले होते, पण अण्णा जागे होते. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आवक नंबर किती हायत तुझ्याकडं?"

मी म्हटलं, "अण्णा, हे इंग्लंड आहे. इथं बारनिशी नसते." बारनिशी म्हणजे कचेरीत आलेल्या कागदांची नोंदवही, आणि तिच्यातला क्रमांक तो आवक नंबर.

"बारनिशी सगळीकडं असती. नाव येगळं असंल. नोंद झाली न्हाई तर कागद जन्मालाच आला न्हाई असं समजायचं."

आम्ही मिडलँड्समधल्या एका मध्यम आकाराच्या गावात राहतो. चार मजल्यांची इमारत आहे. आमचा फ्लॅट शेअर्ड ओनरशिपचा, म्हणजे काही हिस्सा आम्ही विकत घेतलेला आणि उरलेल्याचं भाडं हाउसिंग असोसिएशनला, म्हणजे घरं भाड्यानं देणाऱ्या संस्थेला, द्यायचं. वरच्या मजल्यावर त्याच असोसिएशनचे भाडेकरू. आमच्या बरोबर वर पन्नाशीचे एक गोरे गृहस्थ एकटे राहायचे. चालताना पाय थोडा ओढायचे. जिन्यात भेटले की हवेबद्दल दोन शब्द बोलायचे. पाच वर्षांत त्यांच्याशी संबंध होता तो एवढाच.

२०२३च्या सप्टेंबरात वर गडबड सुरू झाली. आधी रात्रीचं संगीत. मग पहाटे दोन-तीन वाजता खालून बझर. ज्याला आत यायचं तो इमारतीतल्या सगळ्या घरांचे बझर दाबत सुटायचा, कोणीतरी कंटाळून दार उघडायचं. पुढे तेही बंद झालं, कारण कोणीतरी मुख्य दाराचं कुलूपच मोडलं. मग जिन्यात गांजाचा वास, कोपऱ्यात लघवी, पायऱ्यांवर झोपलेली अनोळखी पोरं. वर माणसं येत, पाच मिनिटं थांबत, जात. घरात मी, नवरा आणि अकरावीच्या वर्गातला मुलगा. इथली अकरावी म्हणजे आपली दहावी, बोर्डाचं वर्ष. पोरगा कानात बोळे घालून झोपायचा आणि सकाळी गजर ऐकू यायचा नाही म्हणून शाळेला उशीर करायचा.

माझी पहिली चूक आपल्याकडची, अगदी अस्सल. मी तोंडी सांगत राहिले. झाडलोट करायला येणाऱ्या केअरटेकरला दोनदा सांगितलं, त्यानं खांदे उडवून "आय नो, लव्ह" म्हटलं. इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोठमोठे मेसेज लिहिले, त्यांवर अंगठे आले. मला वाटायचं, सगळ्यांना माहीत आहे, आता कोणीतरी काहीतरी करेल. नवरा म्हणायचा, "अगं, कशाला नसती आफत? आपण बाहेरचे." त्याची भीती अगदीच पोकळ नव्हती. ब्रिस्टलमध्ये २०१३ साली बिजान इब्राहिमी नावाच्या इराणी निर्वासिताचा शेजाऱ्यानं खून केला होता. तो बरीच वर्षं पोलिसांना त्रासाबद्दल कळवत होता आणि शेवटच्या दिवसांत पोलिसांनी त्यालाच पकडून नेलं होतं. ही बातमी नवऱ्यानं कधीतरी वाचलेली आणि ती त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. त्यामुळे मोबाइलवर कोणाचं चित्रीकरण करायचं नाही, जिन्यात कोणाशी वाद घालायचा नाही, हे आमच्या घरात न बोलता ठरलं.

१४ ऑक्टोबरला रात्री दोन वाजता कोणीतरी आमच्याच दारावर लाथा मारल्या. घर चुकलं असावं. मी १०१ फिरवला. तातडीच्या नसलेल्या कामासाठी पोलिसांचा हा नंबर. अर्ध्या तासावर रांगेत थांबले, मग एका बाईनं नोंद घेऊन एक आकडा दिला. तो मी किराणाच्या यादीच्या मागे लिहून ठेवला. त्या कागदाची किंमत पुढे कळली.

त्यानंतर टोलवाटोलवी सुरू झाली. असोसिएशनला ६ नोव्हेंबरला ईमेल केली, तर उत्तर आलं की अमली पदार्थांचा विषय पोलिसांचा आहे, दरम्यान सोबतचे डायरीचे तक्ते १४ दिवस भरा. पोलीस म्हणाले, आवाजाचा विषय कौन्सिलचा, म्हणजे इथल्या पालिकेचा, आणि भाडेकरूचा विषय घरमालकाचा. कौन्सिलच्या आवाज विभागानं मोबाइलवर एक ॲप घ्यायला लावलं, त्यात ३० सेकंदांचं रेकॉर्डिंग होतं. मी ११ रेकॉर्डिंगं पाठवली. बऱ्याच दिवसांनी कळवलं गेलं की ऐकू येणारा आवाज कायद्यानं ठरलेल्या उपद्रवाइतका सातत्यपूर्ण वाटत नाही. तिघांचंही एकेकटं उत्तर वाचलं तर चूक म्हणता येणार नाही, हेच जास्त छळायचं. तिघांकडे माझा तिसरा-तिसरा हिस्सा होता. आख्खी मी कोणाकडेच नव्हते.

९ डिसेंबरला मुलगा शिकवणीहून येत होता. जिन्यात कुत्रा घेऊन बसलेल्या एका पोरानं त्याला अडवलं, नाव विचारलं, कुठल्या फ्लॅटमध्ये राहतोस विचारलं आणि हसून म्हणाला, आई खूप फोन करते ना तुझी? मुलानं हे मला दोन दिवसांनी सांगितलं, तेही भांडी पुसता पुसता. मी पुन्हा १०१ केला. १७ जानेवारीला जिन्यात सुई सापडली, तेव्हा असोसिएशनला परत ईमेल.

केस रिव्ह्यू नावाचा प्रकार मला सांगितला तो आमच्या खालच्या मजल्यावरच्या पोलिश बाईनं. तिच्या बहिणीनं दुसऱ्या गावात केला होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१४च्या एका कायद्यानं हा हक्क दिलेला आहे. असामाजिक वर्तन, गुन्हे आणि पोलीस यांबद्दलचा तो कायदा, त्याचं कलम १०४. आधी त्याला कम्युनिटी ट्रिगर म्हणत, आता एएसबी (म्हणजे असामाजिक वर्तन) केस रिव्ह्यू. मुद्दा असा, की तुम्ही वारंवार कळवलंत आणि काही झालं नाही, तर कौन्सिल, पोलीस, आरोग्य यंत्रणा आणि घरमालक संस्था यांनी एकत्र बसून, आपण या तक्रारींचं काय केलं हे तपासलं पाहिजे. किती तक्रारींनंतर तपासायचं तो उंबरठा प्रत्येक भागात ठरवतात, पण सहा महिन्यांत तीन तक्रारी यापेक्षा वर तो नेता येत नाही. शिवाय प्रत्येक तक्रार घटनेपासून महिन्याच्या आत केलेली हवी आणि तक्रार केल्यापासून सहा महिन्यांच्या आत तुमचा अर्ज पोचायला हवा.

सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं आपण म्हणतो. इथे उलटं. सहा महिने थांबलात तर कामच शिळं होतं.

या कायद्यामागे एक भयंकर गोष्ट आहे. लेस्टरशरमधल्या बारवेल गावात फियोना पिल्किंग्टन नावाची बाई अपंग मुलीसह राहायची. टोळक्यानं फिरणारी पोरं वर्षानुवर्षं त्यांच्या घरावर दगड, शिव्या, काय काय फेकायची. तिनं पोलिसांना ३३ वेळा कळवलं होतं. २००७च्या ऑक्टोबरात तिनं मुलीसह जीव दिला. नंतरच्या चौकशीत जे दिसलं त्यातलं मला लागलेलं वाक्य असं, की तिच्या तक्रारी सुट्या-सुट्या पाहिल्या गेल्या, कोणी त्या एका दोऱ्यात ओवल्याच नाहीत. बारवेल आमच्या घरापासून गाडीनं तासाभरावर आहे. एकदा एम६९ मोटरवेवरून जाताना मी नवऱ्याला सांगितलं, इथून जवळच ते गाव. तो काही बोलला नाही. पण केस रिव्ह्यूचा फॉर्म भरायला त्यानंतर तोच बसला माझ्या शेजारी.

तर ५ फेब्रुवारी २०२४ला पहिला अर्ज आणि २६ला नकार. अण्णांच्या प्रश्नानंतर मी सगळे कागद, ईमेल, मागच्या बाजूला आकडे लिहिलेल्या याद्या जेवणाच्या टेबलावर पसरल्या. मग पोलीस आणि असोसिएशन दोघांकडे माझी माहिती मागितली. तुमच्याबद्दल त्यांनी काय नोंदवून ठेवलंय ते मागण्याचा हक्क आहे, साधारण महिन्याभरात द्यावं लागतं, पैसे पडत नाहीत. ज्यांना केस रिव्ह्यू करायचा आहे त्यांना मी म्हणेन, हे आधी करा, अर्ज नंतर.

मार्चअखेर दोन्ही उत्तरं आली. वाचून मी आधी हसले, मग रडले. १४ ऑक्टोबरचा फोन पोलिसांनी शेजारच्या इमारतीच्या पत्त्यावर चढवला होता. ६ नोव्हेंबरच्या ईमेलमध्ये मी मोडक्या दाराचा उल्लेख केला होता, म्हणून असोसिएशननं ती 'दुरुस्ती'मध्ये टाकली. १७ जानेवारीची, सुई सापडल्याची, 'स्वच्छता'मध्ये. ११ रेकॉर्डिंगं कौन्सिलकडे पुरावा म्हणून होती, तक्रार म्हणून नव्हे. केअरटेकर आणि व्हॉट्सॲप तर हिशेबातच नाहीत. अशा रीतीनं पाच महिन्यांच्या माझ्या आयुष्यातून खरी, जिवंत, पात्र तक्रार उरली एक. ९ डिसेंबरची. अण्णांना वाचून दाखवलं तर ते खूश झाले, म्हणजे खरोखरच खूश. "बघ, फाईल चुकीच्या कपाटात. आमच्याकडं बी असंच व्हायचं." चाळीस वर्षांची नोकरी इंग्लंडात कामाला येते आहे याचा आनंद असावा.

मला आता घाई होती. १४ ऑक्टोबरची तक्रार १४ एप्रिलला शिळी होणार होती. ३ मार्चला वरून बाटल्या फेकल्या गेल्या त्याची नवी नोंद माझ्याकडे होतीच. २ एप्रिलला दुसरा अर्ज केला. एका पानावर तक्ता: घटनेची तारीख, कळवल्याची तारीख, कोणाला, नंबर, आणि शेवटच्या रकान्यात 'तुमच्याकडे ही नोंद कुठे सापडेल'. पाच ओळी. भाषा अण्णांच्या अर्जासारखी, एकही विशेषण नाही.

विशेषणांची जागा वेगळी होती. फॉर्मवर एक चौकट असते, या सगळ्याचा तुमच्यावर काय परिणाम झाला ते लिहा. ती मी तीनदा कोरी ठेवली. इंग्रजीत लिहायला बसले की 'आम्हाला फार गैरसोय होते' अशा अर्थाचं काहीतरी बँकेला लिहितात तसं यायचं. शेवटी मराठीत लिहून काढलं. पोरानं धसका घेतलाय. बझर वाजला की पोटात गोळा येतो. मी रात्री चपला दाराशी न ठेवता पलंगाशी ठेवते. चपलांचं वाक्य लिहिल्यावर माझं मलाच कळलं की मी कशी राहतेय. मग ते जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. धसक्याला शब्द मिळाला नाही, तिथे मुलाच्या झोपेचे तास लिहिले.

एप्रिलच्या मध्यात कळलं, उंबरठा पार झाला. हे लोक एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात आणि ती खरी आहे: हा रिव्ह्यू म्हणजे शेजाऱ्यावरचा खटला नाही आणि एखाद्या कर्मचाऱ्याविरुद्धची तक्रारही नाही. घरमालक संस्थेच्या सेवेबद्दल तक्रार असेल तर तिची स्वतःची तक्रारपद्धत आणि त्यापुढे हाउसिंग ओम्बड्समन, म्हणजे घरांच्या तक्रारींचा लोकपाल, तो रस्ता वेगळा. इथे फक्त, सगळ्यांनी मिळून काय केलं आणि आता काय करता येईल.

१४ मेला ऑनलाइन बैठक झाली. मला सुरुवातीची १५ मिनिटं दिली होती, नंतर मी बाहेर जायचं. पडद्यावर सहा चौकटी. अध्यक्ष बाई कौन्सिलच्या दुसऱ्या विभागातल्या, या प्रकरणाशी संबंध नसलेल्या. एक पोलीस सार्जंट, असोसिएशनचा व्यवस्थापक, आवाज विभागाचा माणूस, सामुदायिक सुरक्षेची एक मुलगी, आणि प्रौढांच्या समाजसेवेतल्या एक वयस्क बाई. मी माझं पान वाचलं. वाचताना आवाज कापला नाही याचं मला अजून नवल वाटतं.

सार्जंटनं विचारलं, "मुख्य दार किती दिवसांपासून उघडं आहे?"

मी म्हटलं, "सप्टेंबरपासून."

तो काही न बोलता असोसिएशनच्या चौकटीकडे बघत राहिला. म्हणजे पडद्यावर कोण कुठे बघतंय ते नीट कळत नाही, पण त्यावेळी कळलं. व्यवस्थापकाचा माइक बंद होता. तो उघडायला त्याला वेळ लागला. म्हणाला, दाराचं काम ठेकेदाराकडे आहे, ते दुरुस्तीच्या यादीत आहे. सार्जंट म्हणाला, आमची माणसं त्या दारातून आत जायची आणि तिथल्या लोकांनी आत घेतलं असं समजायची. आठ महिन्यांत ही एवढी साधी गोष्ट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली नव्हती. मला त्या क्षणी राग यायला हवा होता. आला नाही. उलट हायसं वाटलं, की हे मी वेडी नसल्याचं लक्षण आहे.

मग समाजसेवेच्या बाईंनी विचारलं, "वरच्या फ्लॅटमधले गृहस्थ, ते स्वतः तुम्हाला शेवटचे कधी दिसले?"

मी तोंड उघडलं आणि बंद केलं. डायरीच्या तक्त्यांत मी 'वरचा' लिहीत आले होते. वरच्यानं संगीत लावलं, वरच्याकडे माणसं आली, वरच्यानं बाटल्या फेकल्या. आणि त्या गृहस्थांना, पाय ओढत चालणाऱ्या त्या माणसाला, मी नोव्हेंबरपासून पाहिलंच नव्हतं. तसं सांगितलं. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. माझी १५ मिनिटं संपली.

३१ मेला पत्र आलं. त्यात शिफारशी होत्या: माझ्याशी बोलायला एकच ठरलेला माणूस, दाराची दुरुस्ती, जिन्यात कॅमेरा, तिन्ही संस्थांच्या नोंदी एकत्र ठेवणं, आणि 'संबंधित मालमत्तेबाबत कायदेशीर पर्याय'. दुसऱ्या रहिवाशाबद्दलची माहिती देता येत नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. तेही योग्यच. या शिफारशी बंधनकारक नसतात, संस्थांनी त्या विचारात घ्यायच्या असतात. त्यामुळे पत्र वाचून नवरा म्हणाला, "म्हणजे परत सगळं त्यांच्याच मर्जीवर?" बऱ्याच अंशी, हो. पण एवढा फरक, की आता मर्जी कागदावर होती आणि कागदावर सहा जणांची नावं होती.

जूनमध्ये एका सकाळी कामाला निघाले तर वरच्या दारावर नोटीस चिकटवलेली. मी वर जाऊन वाचली, अर्थात. मॅजिस्ट्रेट कोर्टाचा अंशतः बंदीचा हुकूम. भाडेकरू सोडून तीन महिने कोणालाही त्या घरात पाऊल ठेवायला मनाई, ठेवलं तर गुन्हा. भाडेकरूला मात्र राहायची परवानगी. नोटिशीतला तो 'सोडून' मला दिवसभर सोडेना. संध्याकाळी आमच्या ठरलेल्या माणसाला, म्हणजे त्या सामुदायिक सुरक्षेच्या मुलीला, विचारलं. तिनं आमच्या इमारतीबद्दल बोलायला नकार दिला, पण एरवी असं कधी घडतं ते सांगितलं. एकट्या, आजारी, दुबळ्या माणसाशी आधी ओळख काढायची, त्याला काही फुकट द्यायचं, मग त्याच्या घरात शिरायचं आणि तिथून मालाचा धंदा करायचा. ज्याचं घर तो आपल्याच घरात कोपऱ्यात. त्याला इथे कुकूइंग म्हणतात, कोकिळेवरून. आपल्याकडेही कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते हे सगळ्यांना माहीत आहे, पण आपण तिच्यावर गाणी लिहिली आणि कावळ्याला बावळट ठरवलं.

मी आठ महिने कावळ्याच्या नावानं तक्रारी करत होते.

अण्णांना हे सांगितलं तर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण तू तक्रार केली नसतीस तर त्याला कोण बघणार होतं?" मला हे उत्तर पुरेसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. तक्त्यात 'वरचा' हा शब्द माझ्याच हातचा आहे.

हुकूम निघाल्यावर येणं-जाणं आठवडाभरात थांबलं. शेवटी दोन पोरांनी दारावर एकदा धिंगाणा घातला, सार्जंटची माणसं वीस मिनिटांत आली. मुलाच्या परीक्षा मात्र तोवर उरकत आल्या होत्या. त्यातलं गणित बरं गेलं आणि इतिहास गेला तसा गेला. कॅमेरा अजून लागलेला नाही, 'निधीच्या विचाराधीन' आहे. मुख्य दाराचं नवं कुलूप बसलं ऑगस्टमध्ये.

वरचे गृहस्थ सप्टेंबरात एकदा जिन्यात भेटले. बारीक झाले होते. हातात दुधाचा कॅन, एक पायरी चढून थांबत होते. मी कॅन घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी दिला. आम्ही दोघं काही न बोलता वरपर्यंत गेलो. दारापाशी त्यांनी किल्ली शोधली, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खालचं दार परत नीट बंद होत नाहीये. तुम्ही कळवलंत का?"

मी म्हटलं, "आत्ता कळवते."

खाली येऊन कळवलं. आठ आकडी नंबर मिळाला.